डावखुरीचा फोटो
या मंडळी, जवळ सरका, एका चुकीची गोष्ट ऐकवतो. सिगारच्या कारखान्यात हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्या बहिणी एकाच बाकावर बसत. तंबाखूचं पान शिरेवरून दुभागलं की उजवा भाग थोरली वळायची, डावा धाकटी; ती डावखुरी होती. धाकटी वारली, तिचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. कारखाना बंद होताना जुनी कारागिरी टिपायला छायाचित्रकार आला. त्यानं काम करणाऱ्या थोरलीचा फोटो घेतला. पुढे त्याच्या फोटोंच्या प्रदर्शनात ती आपल्याच फोटोपुढे थबकली. “पोरा, मी कधीपासून डाव्या हातानं वळायला लागले?” तो ओशाळला. “आजी, फोटो उलटा छापला गेला. उद्याच बदलतो.” “खबरदार हात लावलास तर!” काचेवर बोट टेकवून ती म्हणाली, “बघ, सटवी अजून माझ्यापेक्षा चापून वळतेय.” खाली नाव तिनं धाकटीचंच लिहायला लावलं. देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या डावखुरीला आठवा.