दोन नावं, एक मॉस

लेकीने तिसऱ्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावला. दोन्ही एकच! आईने शोधलेलं मॉस आणि बाबांनी शोधलेलं मॉस, सव्वीस वर्षं दोन वेगळ्या जाती म्हणून पुस्तकात बसलेली, ती निघाली एकाच जातीची. आईचं मादी, बाबांचं नर. म्हणून तर बाबांच्या मॉसला कधी बीजाणूंची बोंडं धरली नव्हती, आणि बाबा आपले तेच त्याचं वैशिष्ट्य म्हणून लिहून मोकळे!

मॉसची ती प्रजाती, म्हणजे जातींचा गटच, मुळात चिमुकली. जाती फक्त सात. त्यातली एक आता उडणार, म्हणजे एक नाव उडणार. नियम असा, की आधी छापलेलं नाव राहतं. पण हे दोघं तेव्हा नवे नवे नवरा-बायको. दोन्ही नावं हौसेने संशोधन-पत्रिकेच्या एकाच अंकात छापलेली. मग ठरवणार कोण? दोन्ही एक आहेत हे जो पहिल्यांदा दाखवेल तो. म्हणजे लेक!

आणि आई-बाबा तर नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. घरं वेगळी. तिघांची संस्था मात्र एकच, खोल्या भिंतीला भिंत लागून, पण काही हवं असलं की चिठ्ठी यायची. ‘नमुन्याचे पाकीट परत करावे. खोली पाच.’ बस्स. एकाचं नाव खोडलं की दुसऱ्याची बाजू घेतल्यासारखंच. आणि पेपर आज संध्याकाळी पाठवायचा!

तिने दोघांच्याही टेबलावर पेपरचा मसुदा ठेवला आणि आईच्या शेजारच्या आपल्या खोलीत पळून आली.

आधी आई आली. “तुझ्या बाबांचं ठेव. अख्ख्या आयुष्यात एकच जात मिळाली त्यांना, तीही धड ओळखता आली नाही.”

ती गेली आणि पाच मिनिटांत बाबा हजर. “तिचं ठेव गं. बोंडं तिच्याकडे. माझा काय, नुसता पाला.”

“पण आई म्हणते, तुमचं ठेव.”

बाबा लालबुंद झाले. “तिला काय कळतंय!” म्हणाले आणि तरातरा निघाले. स्वतःच्या खोलीत नाही. आईच्या, पाच नंबरमध्ये. दार न वाजवता!

“मला तुझे उपकार नकोत!” भिंतीपलीकडून आवाज आला.

“उपकार कसले डोंबलाचे! आधी बसा तरी. धाप लागलीय.”

खुर्ची सरकली. मग दोघंही एकदमच बोलायला लागले, कोण काय म्हणतंय काही कळेना. मध्येच आई खुदकन हसली.

लेकीने संपादकांना लिहिलं, ‘मूळ लेखकांची चर्चा नुकतीच सुरू झाली आहे. महिनाभर तरी लागेल.’