भिंतीतली म्हैस

भिंतीतून बाहेर आलेलं म्हशीचं शेपूट.

पेठ वडगावातलं उजैरचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान.

नियम अकरावा.

राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर, संगणकाशेजारी दुधाची रिकामी किटली.

लाल अक्षरं : कायमची बंदी.

किटली आकारामतात्यांची. लाल अक्षरंही त्यांच्याच मोबाईलवरची. मोबाईल टेबलावर ठेवून ते म्हणाले, “पावणं, म्हस सोडा.”

समोर अभिराम आणि मधुवंती. खेळ या दोघांनी बनवलेला, एकट्यानं खेळायचा. तळ्यावरून म्हैस हाकायची, गल्लीबोळांतून घरी आणायची, दावणीला बांधून पिळायची. तात्यांनी उजैरकडून मोबाईलमध्ये काहीतरी बसवून घेतलं होतं. त्यानं म्हैस भिंतीतून आरपार जायची. ती शेवटच्या भिंतीत शिरली आणि तेवढ्यात अभिरामनं बंदी घातली.

“निम्मी म्हस अंगणात, निम्मी रस्त्यावर,” तात्या म्हणाले. “मंगळवारपास्नं अशीच उभी हाय. आन् कास ऱ्हायली रस्त्याकडं. पिळायची कशी?”

“नियम अकरावा, काका. रस्ता सोडायचा नाही. तुम्ही फसवणूक केलीत.”

“कुणाची? खेळणार मी, हरणार बी मीच.”

“खेळाची.”

“खेळानं येऊन तक्रार केली व्हय तुमच्याकडं?”

मधुवंतीला हसू आवरेना. “सोड ना रे. भिंतीतून नेली काय, विमानातून नेली काय, तुझं काय गेलं?”

“आज यांना सोडलं तर उद्या सगळेच भिंतीतून येतील.”

“सगळे म्हणजे कोण? महिन्याभरात तिघं खेळलेत. त्यातला एक तू.”

अभिरामचे कान तापले. “तिथं फाटक आहे, काका. कष्ट करून फाटकातून न्यायची. मी स्वतः शेवटपर्यंत नेलीय.”

“मग न्या की. मी बघतो.”

अभिरामनं नवी म्हैस घेतली. झोकात निघाला. भाजीवाली चुकवली, रिक्षा चुकवली, भुंकणारं कुत्रं चुकवलं. म्हैस फाटकाशी आली. फाटक उघडेना. मागं घेतली, पुन्हा आणली. डोकं धाडकन फाटकावर.

“तिरकी घालून बघा,” तात्या म्हणाले.

तिरकी घातली. धाडकन.

“पळवत आणा.”

धाडकन.

“समदं करून बघितलंय मी. मगच उजैरकडं गेलतो.” तात्यांचा आवाज खाली आला. “गोठा इकल्यापास्नं हीच एक ऱ्हायलीया, पावणं. रोज सांजच्याला अंगणापतुर आणायची आन् भाईरच ठेवायची. किती दिस?”

अभिरामनं खेळाचं पोट उघडून पाहिलं. फाटकाला कडी होती, बिजागऱ्या होत्या, वर गेरूची नक्षीसुद्धा होती. ते उघडायची आज्ञाच कुणी लिहिली नव्हती.

अभिरामनं बंदी उठवली. लाल अक्षरं गेली. म्हैस भिंतीतून सावकाश आत आली, शेपूट झटकून दावणीला उभी राहिली. तात्या तिथंच उकिडवे बसले आणि अंगठ्यानं पिळू लागले. काचेवरची बादली फेसानं भरली.

किटली उचलून ते उठले.

“ही कशाला आणलीत?” मधुवंतीनं विचारलं.

“जाता जाता दूध इकत न्यायचं हाय.”

खेळ बाजारात आणायच्या आदल्या संध्याकाळी, घरी जायची घाई होती म्हणून, अभिरामनं आपली म्हैस भिंतीतूनच नेली होती.