शुक्रवारचं पिंप

दार उघडताच हेझलला वाटलं, कांद्याच्या लोणच्याची बरणी फुटली. व्हिनेगरचा वास सुईसारखा नाकात शिरला. पण बरणी काउंटरवर जिथल्या तिथे होती आणि तिच्यामागे क्लिफर्ड हसत उभा होता.

"या बाईसाहेब. आम्हाला वाटलं, लेकीनं एडिनबरोतच ठेवून घेतलं तुला."

"ठेवतच होती. फुकटात आया कोणाला नको असते?"

हेझलनं कोट काढला. खोली ती केवढी. पूर्वी इथे बुटांचं दुकान होतं. आता क्लिफर्डचा इवलासा पब. चार बाकं, ना टीव्ही ना गाणी, आणि एकानं शिंकलं तर समोरच्यानं रुमाल काढावा इतकं जवळजवळ बसणं. शनिवारी दुपारी इथे उभं राहायलाही जागा मिळत नसे. आज दोनच माणसं होती. निवृत्त पोस्टमन नॉर्मन आणि विणकाम घेऊन आलेली बेरिल. दोघांचेही ग्लास भरलेले, वरचा फेस कधीच बसून गेलेला.

क्लिफर्ड मागच्या गार खोलीत गेला आणि पिंपाच्या तोटीखाली ग्लास धरून भरून घेऊन आला. "कालच उघडलंय. शुक्रवारचं पिंप म्हणजे ताजं. सकाळी मी स्वतः चव घेतलीय."

बिअर दिसायला काचेसारखी स्वच्छ होती. हेझलनं घोट घेतला आणि तिची जीभ टाळूला चिकटली. तिनं नॉर्मनकडे पाहिलं. नॉर्मन खिडकीबाहेर पाहत होता, जणू रस्त्यावर कोणाची मिरवणूक चालली होती. बेरिल टाके मोजत होती.

"कशी आहे?" क्लिफर्डनं विचारलं.

खरं तर यात अवघड काही नव्हतं. आंबलेला ग्लास परत करायचा, मालकानं हुज्जत न घालता दुसऱ्या पिंपातला द्यायचा, कोणी कोणावर रागवायचं नाही, ही सगळ्या केंट परगण्यातल्या पबांची रीत. हेझलला तर ती क्लिफर्डनंच शिकवली होती, याच काउंटरवर. पाठीमागे नाक मुरडू नका, तोंडावर सांगा, म्हणायचा.

"आंबलीय, क्लिफ."

तो हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. त्यानं तिचाच ग्लास उचलला, मोठा घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. आणखी एक घेतला. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही.

"कुठे आंबलीय? हिवाळ्यात तापानं आडवा झालो होतो हे खरं. पण आता ठणठणीत आहे. जीभ शाबूत आहे माझी."

तेव्हा हेझलला कळलं. ताप गेला होता, पण जाताना क्लिफर्डचं नाक घेऊन गेला होता.

"क्लिफ, तुला इथे वास येत नाही? दारातच येतोय रे."

"नॉर्मन," क्लिफर्ड तिच्यावरची नजर न काढता म्हणाला, "तू सांग."

नॉर्मननं आपला ग्लास थोडासा फिरवला. "मला तर बरी वाटतेय."

"बेरिल?"

"छान आहे की. मी आपली सावकाश पिते, एवढंच."

क्लिफर्डनं फडकं घेऊन स्वच्छ काउंटर पुसला. "आधीच माणसं कमी झालीत, हेझल. आणि तू एवढ्या दिवसांनी येतेस ती भरल्या खोलीत असं बोलायला."

भरल्या खोलीतली दोन माणसं आपापल्या गुडघ्यांकडे पाहत राहिली.

"डॉक्टरला दाखव," हेझल हळूच म्हणाली. "हवं तर मी येते सोबत."

"लेमोनेड देऊ तुला? बाटलीतलं आहे. त्याची काही तक्रार यायची नाही."

तिनं पुन्हा कोट चढवला. घाईत एक बाही उलटी राहिली होती. ती सुलटी करायला तिला बराच वेळ लागला.

ती फुटपाथवर पोचते न पोचते तोच नॉर्मन आणि बेरिल मागोमाग बाहेर आले.

"काय गरज होती?" नॉर्मन म्हणाला. "तुला पाहून किती खूश झाला होता तो."

"तुम्हाला चव कळत नाही?"

"कळते की. आज नाही, किती दिवस कळतेय. हिवाळ्यापासून प्रत्येक पिंप असंच. बाकीच्यांनाही कळली, म्हणून तर ते स्टेशनजवळच्या नव्या ठिकाणी जातात. आम्ही दोघं अजून येतो. त्याच्यासाठी."

"मग सांगत का नाही त्याला?"

"असं कसं सांगायचं गं तोंडावर?" बेरिलनं लोकरीचा गोळा पिशवीत टाकला. "वाईट वाटेल त्याला."

"आणि फार दिवस नाही चालायचं आता," नॉर्मन अगदी मायेनं म्हणाला. "उन्हाळ्यापर्यंत आपोआप बंद पडेल. कोणाला काही बोलावंच लागणार नाही."

हेझलनं वळून काचेतून आत पाहिलं. क्लिफर्ड रिकाम्या खोलीच्या मधोमध तिचा ग्लास घेऊन उभा होता. त्यानं तो नाकाशी नेला. थांबला. एक नाकपुडी बोटानं दाबून पुन्हा नेला. मग दुसरी दाबली आणि डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा त्याला काचेबाहेरचे ते तिघं दिसले. बेरिलनं गोड हसून हात हलवला. क्लिफर्डनं चटकन ग्लास खाली ठेवला आणि त्यानंही तसंच हसून हात हलवला.