कुणासाठी खणू?

गोगोंनी कुदळ झुडपाच्या बुंध्याशी टेकवली आणि विचारलं, "कुणासाठी खणू?"

"उंदरांसाठी," मी म्हटलं. उदास झालेल्या मनावर ही मुळी चालते का, ते आमच्या डर्बनच्या प्रयोगशाळेत आधी उंदरांवर तपासणार होतो.

टेकडीवरच्या त्या म्हाताऱ्या वैद्यीणबाई, ज्यांना इथे सगळे गोगो म्हणजे आजी म्हणतात, पोट धरून हसल्या. "उंदराला कसलं गं दुःख? माणसाचं नाव सांग. नाव घेतल्याशिवाय आम्ही मुळी काढत नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सुलभा. माझी आई." दिवाळीपासून ती साताऱ्याच्या घरात एक शब्द बोललेली नव्हती. फोनवर तिचा श्वास तेवढा ऐकू यायचा. तिनं निदान रागवावं म्हणून मी मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं बोलायचे.

"हे नाव तिच्या आईनं ठेवलेलं?"

नव्हतं. ते लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं. त्याआधीचं मी कधी विचारलंच नव्हतं.

गोगो कुदळ बाजूला ठेवून खडकावर बसल्या. मी बाबांना फोन लावला. त्यांनाही आठवेना. "तिलाच विचार," म्हणत त्यांनी फोन तिच्या कानाला लावला.

"आई, तुझं माहेरचं नाव काय गं?"

नेहमीचा श्वास. मग तोही थांबला.

"द्वारका," आई म्हणाली. आणि जरा वेळानं, "कोण विचारतंय?"