गुहेतली नेत्रतपासणी

मुलीला ग्रीक पुराणातल्या एकडोळ्या राक्षसाची गोष्ट वाचून दाखवता दाखवता आईलाच डुलकी लागली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी ही बाई स्वप्नात थेट शिडाच्या जहाजातून समुद्रावर निघाली, तीही पहिलवानांसारख्या खलाशांबरोबर. जहाज एका बेटाला लागलं आणि राक्षसाने सगळ्यांना गुहेत कोंबून स्वतः दारातच बसकण मारली. अंधार पडला की तो एकेकाला खाणार होता.

खलाशांनी दंड थोपटले आणि ते त्याला ढकलायला लागले. घामाघूम झाले, पण राक्षस तसूभरही हलला नाही.

"मी बोलून बघू का?" तिने विचारलं.

"ताई, तुम्ही मागे बसा. हे ताकदीचं काम आहे," कप्तान धापा टाकत म्हणाला.

ती पुढे झालीच. दुकानात बोलते त्याच आवाजात राक्षसाला म्हणाली, "दादा, हल्ली लांबचं धूसर दिसतं का हो?"

"दिसतं ना! पण विचारतंय कोण?" राक्षसाने गाऱ्हाणं मांडलं.

"मग जरा बाजूला, उजेडात बसा बघू. मान सरळ. हं, आता एक डोळा हाताने झाका."

राक्षसाने मुकाट्याने डोळा झाकला. सगळे चपला हातात घेऊन त्याच्या समोरून बाहेर पडले आणि जहाजावर चढले.

किनारा बराच मागे पडला, तेव्हा गुहेकडून अदबीने हाक आली.

"ताई, आता दुसरा झाकू का?"