तेविसावा नमुना

"चुरचुरतंय," मावशी म्हणाल्या.

केमिस्टनं पेन आपटलं. आठवड्याला एक, असे बावीस नमुने झाले होते. बावीसही चुरचुरले होते.

मावशी प्रयोगशाळेतली काचभांडी धुवायच्या. कारखान्यात सगळ्यांत नाजूक कातडी त्यांची, म्हणून लोशनची पहिली चाचणी त्यांच्या मनगटावर व्हायची. त्या 'ठीक' म्हणाल्याशिवाय नमुना वर मालकांकडे जात नसे. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर दुसरा केमिस्ट बघतो, असं मालक दर सोमवारी बजावायचे. केमिस्टच्या घरी तीन महिन्यांचं बाळ होतं. आणि आज शुक्रवार होता.

लोशनमध्ये तेल आणि पाणी एकत्र नांदवायला सरफॅक्टंट लागतो. दांडगा घेतला तर संसार टिकतो, पण कातडीची आग होते. सौम्य घेतला तर दोन दिवसांत तेल माहेरी. केमिस्टनं शेवटी साखरेपासून बनवलेला एक शोधला होता. गरीब गाय. लोशन ओव्हनमध्ये तापवलं तरी फुटत नव्हतं.

"मावशी, याहून सौम्य म्हणजे आता मीच पातेल्यात बसायचं बाकी आहे."

"बसा. पण आधी आंघोळ करून या."

केमिस्टनं पाठ फिरवली आणि बशीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर ओतलं. "हा घ्या तेविसावा."

मावशींनी मनगटावर चोळलं. डोळे मिटून विचार केला.

"जरा पातळ झालंय. पण चुरचुरतंय."

"अहो, पाणी आहे ते!"

मावशींनी ब्रश उचलला आणि धुतलेलाच चंबू पुन्हा घासायला घेतला.

केमिस्टचं डोकं फिरलं. बावीस नंबरची बाटली उचलून तो थेट वर गेला. मालकांनी लोशन मनगटाला लावलं, मानेला लावलं, उरलेलं टकलावर जिरवलं. दहा मिनिटं दोघंही त्या टकलाकडे लक्ष ठेवून बसले. मालकांनी आरसा मागवला होता. काहीही झालं नाही. मालकांनी कागदावर सही ठोकली.

केमिस्ट दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आला.

"झालं पास! तुमच्या नाकावर टिच्चून! काय वाईट केलं होतं हो मी तुमचं?"

मावशींनी नळ बंद केला. हात पुसले.

"बावीस आठवडे ओढले मी, सर. लोशन पास झालं की ही खोली गोदामाला आणि केमिस्टला नारळ, असं मालकांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय."