शाबासकीचा पट्टा

दिवसभर खुर्चीला खिळवून ठेवता आणि वर मनगटाला चालायचा पट्टा बांधता? जरा तरी लाज बाळगा, साहेब!

हे मैना मनातल्या मनात म्हणाली. फोनवर गिऱ्हाइकांच्या शिव्यांनाही गोड आवाजात उत्तर देते, म्हणून ऑफिसात तिचं नाव मैना. कंपनीने दिलेला पावलं मोजायचा पट्टा थरथरायचा, ‘उठा, जरा चाला!’ ती जिन्यापर्यंत जाऊन यायची. तेवढ्यात कंपनीचाच कॉम्प्युटर चुगली करायचा, ‘बाई जागेवर नाहीत.’ की आलंच वरच्या मजल्यावरून साहेबांचं बोलावणं! लिफ्ट कायमची बंद. धापा टाकत चढायचं, बोलणी खायची, उतरायचं.

आज तर साहेबांनी कहरच केला. "मैनाबाई, पुन्हा जागा सोडलीत तर रात्रपाळी लावीन. मग पोरीला पाळणाघरातून कोण आणतं ते बघू!"

इतक्यात पट्टा आनंदाने किणकिणला. मैनाने वाचलं आणि मनगट थेट साहेबांच्या नाकासमोर धरलं. ‘शाब्बास! जिने चढण्यात तुम्ही कंपनीत पहिल्या!’



"शाबासकीखाली नाव तुमचंच आहे, साहेब. आता एकदाच काय ते सांगा, उठू की बसू?"